चारही पाय सारखे

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून नवी शाळा. प्रशिक्षणाचं पहिलं सत्र एका शाळेत झालं, दुसरं इथं. माध्यमिकच्या मुलांना डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवायचं, म्हणजे त्यांच्याकडून वस्तू आखून, कापून, जोडून घ्यायच्या. ऐकायला सोपं आहे. मागच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या अहवालात लिहिलं होतं, "हाताचं काम उत्तम. वर्गात थकलेल्या दिसतात." दिसतात म्हणे. दिसायचं काय त्यात, मी थकलेलीच असते.

इथले मार्गदर्शक सर उंच, किडकिडीत आणि बोलण्यात कंजूष. त्यांनी वर्कशॉप दाखवलं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून ठेवली आहे, त्यामुळे कुठलं गायब आहे ते लगेच कळतं. बरीच गायब आहेत. एप्रन माझ्या हातात देत सर म्हणाले, "सत्राच्या शेवटी बाहेरून परीक्षक येतील, तुमचा एक तास बघतील. पण पास व्हायला सही माझी लागते."

"आणि नाही मिळाली तर?"

"मग माणूस दुसरं काहीतरी करतो."

दुसरं काय करणार? फर्निचर कंपनीतली नोकरी मी आपण होऊन सोडली. सोळा वर्षं तिथं नमुने बनवले. नवी खुर्ची, नवं टेबल बाजारात जायच्या आधी पहिला नग माझ्या हातचा असायचा. आता माझ्या जागेवर मशीन बसलंय, ते काही उठून मला जागा देणार नाही. तेव्हा सही मिळवायची. दुसरा रस्ता नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

मला नववीचा वर्ग दिलाय. काम असं: ओळखीतल्या एका माणसाची रोजची एखादी अडचण शोधायची आणि तिच्यासाठी लाकडाची वस्तू करायची. आधी कागदावर, मग पुठ्ठ्यात, मग लाकडात. मी सुचवलं होतं, सगळ्यांना एकसारखी पेटी करू दे, तपासायलाही बरी. सर म्हणाले, "पेटी हवी आहे कोणाला?" तासभर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं आणि हजेरी घ्यायची राहून गेली.

नावं पाठ होईपर्यंत मी मनातल्या मनात टोपणनावं पाडली आहेत. एक घाईकुमार आहे, त्याचं उत्तर माझ्या प्रश्नाच्या आधी येतं. खिडकीपाशी हळूबाई बसते. तिला पेन्सिलीला टोक काढायलाच अर्धा तास पुरत नाही. बोलतही नाही. काही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघते, जणू उत्तर रस्त्यानं चालत येणार आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

आठवडा संपला, मीही संपले. पाय सुजलेत, नाकात भुसा आहे, आणि सोमवारच्या तासांची टाचणं अजून काढायची आहेत. कंपनीत लाकूड निदान उलट बोलत नसे.

आज मात्र एक तास चांगला गेला. घाईकुमारनं पटाशी उलटी धरली होती. मी त्याच्या हातातून घेतली आणि "अशी" म्हणून खाच काढून दाखवली. इतकी सुबक आली की शेजारच्यानं आपलं लाकूड पुढे केलं, "मॅडम, माझीपण." मग तिसऱ्यानं. बघता बघता माझ्याभोवती रांग लागली आणि सगळा वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं बुवा. सर दारात उभे राहून बघत होते. नंतर म्हणाले, "आज काम चांगलं झालं. कोणी केलं?"

विनोद असावा. सरांचे विनोद मला कळत नाहीत.

रविवार, १९ जानेवारी

लेकीनं स्वतःच्या हातानं कपाळावरचे केस कापून घेतले. एक बाजू वर, एक खाली. पंधरा वर्षांची घोडी झाली तरी कात्री धरता येत नाही. मी तिला खुर्चीत बसवलं आणि दोन मिनिटांत सरळ करून दिले. आरशात बघून ती रडायलाच लागली. "तुला विचारलं होतं का मी?" विचारायचं काय त्यात? दिसतंय ना वाकडं.

नवरा म्हणाला, "तुझ्या हातात कात्री दिसली की घरातले पडदेसुद्धा अंग चोरतात." त्याला बोलायला काय जातंय. औषधाच्या दुकानात दिवसभर बाटल्या एका रेषेत लावून येतो, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

लेक हल्ली खोलीचं दार लावून घेते. वयच आहे तसं.

गुरुवार, ३० जानेवारी

आराखडे तपासले. पुढच्या तासाच्या आधी संपवायचे म्हणून मधल्या सुट्टीत, एका हातात डबा आणि एका हातात लाल पेन. मजकूर कोण वाचतंय, मापं तेवढी बघितली. हळूबाईनं बसायचं बुटकं स्टूल काढलंय, बाबांसाठी. ते कुठल्याशा कँटीनमध्ये भांडी घासतात. चित्र नीटनेटकं आहे, पण चार पायांची मापं चार. मी मोठ्या अक्षरांत शेरा दिला, "चारही पाय सारखे हवेत."

वही परत केल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. खिडकीकडे बघून झालं, मग म्हणाली, "मॅडम, तिथली जमीन सरळ नाहीये."

मला हसूच आलं. आमच्या कंपनीत स्टूल डुगडुगत असल्याची तक्रार आली की बसवायला गेलेला माणूस हेच सांगत परत यायचा: माल आपला बरोबर आहे, गिऱ्हाइकाची जमीन वाकडी आहे. सोळा वर्षं ऐकलं. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." वर्ग हसला. ती जाग्यावर जाऊन बसली, आणि तेवढ्यात बेल झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सर्दी. आवाज बसलाय. आवाजाशिवाय नववीचा वर्ग म्हणजे ब्रेकशिवाय गाडी. सर आज दोनदा आत येऊन नुसते उभे राहिले आणि गोंधळ थांबला. मला राग आला, त्यांचा नाही, माझाच. एवढं साधं मला का येत नाही?

हळूबाई अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवून त्यात डोळे घालून बसली होती. फळीखाली कधी वही सरकवायची, कधी काढायची. सगळ्यांची लाकडं कापून झाली आणि ही खेळतेय. बाटली दप्तरात टाकायला लावली. पाय तिनं शेवटी कापले, पण सारखे नाहीतच. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काही नाही. दमले.

सोमवार, ३ मार्च

परीक्षकांची तारीख आली, चौदा मार्च, शुक्रवार. त्या दिवशी मुलांच्या वस्तू मांडायच्या आणि त्यांच्यावरच तास घ्यायचा.

आज सगळ्या वस्तू एका टेबलावर ठेवून बघितल्या. घाईकुमारनं आजोबांच्या चष्म्यासाठी डबी केलीय, तिचं झाकण बसत नाही. एकीचं पुस्तकांचं रॅक झोप आल्यासारखं कललंय. हळूबाईचं स्टूल तर टेबलावर ठेवलं की एका अंगाला झुकतं आणि वर टकटक करतं. असा माल मी आयुष्यात खोलीबाहेर जाऊ दिलेला नाही. परीक्षक हे बघून मुलांना काही म्हणणार नाहीत, मला म्हणतील.

सरांना विचारलं, मुलांना अजून एक तास मिळेल का? ते म्हणाले, "वस्तू आहेत तशा ठीक आहेत. त्यांना त्यांच्या चुका सांगता येतात का, ते बघा." चुका सांगता आल्या म्हणून झाकण बसतं का?

बुधवार, १२ मार्च

आज शाळा सुटल्यावर थांबले. सर बैठकीला गेले होते, किल्ली माझ्याकडेच होती. मनात एवढंच होतं की डबीचं झाकण तेवढं बघावं. रंध्याचे दोन हात मारले आणि ते अलगद बसलं. मग रॅकचा काटकोन करून घेतला. मग एकीचा ट्रे, एकाचा मोबाइलचा स्टँड. कोणाचं काही बदललं नाही, फक्त बरोबर केलं.

स्टूल शेवटी घेतलं. सपाट टेबलावर उभं केलं, पायांखाली पाचरी सारून बसायची फळी समपातळीत आणली, मग पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ फिरवली आणि कापलं. टेबलावर ठेवलं तर हू की चू नाही. दाबून बघितलं, वर बसून बघितलं. किती दिवसांनी माझ्या हातून काहीतरी पुरं झालं. बाहेर मैदानावर कोणी नव्हतं, भुशाचा वास येत होता, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. खरं सांगायचं तर या शाळेत आल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

घरी येताना पाय दुखत नव्हते.

गुरुवार, १३ मार्च

मुलं वर्गात आली आणि आपापल्या वस्तू उचलायला लागली. घाईकुमार झाकण लावत होता, काढत होता, परत लावत होता. "मॅडम, बसलं. मी काल घासलं होतं ना, त्यानं बसलं." मी मान हलवली.

हळूबाईनं स्टूल उलटं केलं. पायांच्या टोकांवरून बोट फिरवलं. तिथं लाकूड ताजं, पांढरं दिसत होतं. म्हणाली, "हे माझं नाही."

मी म्हटलं, "तुझंच आहे गं. खाली तुझं नाव आहे बघ. आता डुगडुगत नाही."

"माझं डुगडुगत नव्हतं. इथं डुगडुगत होतं."

आणि मग ती बोलली. सत्रभरात बोलली नसेल एवढं एकदम बोलली. बाबा जिथं भांडी घासतात तिथली फरशी जाळीकडे उतरती आहे, पाणी वाहून जायला, आणि एका कोपऱ्याकडे जास्त. ते डब्यावर बसतात, डबा कलतो, मग दिवसभर एका पायावर जोर देऊन बसायचं, आणि घरी येतात ते कंबर धरूनच. तिनं तिथं जाऊन बाटली ठेवून उतार बघितला होता, प्रत्येक पायाची जागा खडूनं आखून मापं घेतली होती. लाकडात कापल्यावर एकदा नेऊन ठेवूनही बघितलं होतं. "बाबा बसले होते, मॅडम. सरळ बसले होते." मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, आणि मी सगळ्या वर्गाला हसवलं होतं.

लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. कापलेलं लाकूड काही परत वाढत नाही. मी काहीतरी पुटपुटले, "बघू, करू काहीतरी." तिनं स्टूल टेबलावर ठेवलं आणि ती खिडकीपाशी जाऊन बसली.

सर मागे कपाटाशी उभे होते, सगळं ऐकलं त्यांनी. मुलं गेल्यावर म्हणाले, "बाकीच्यांचंही?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाट बंद केलं. मग म्हणाले, "उद्या टेबलावर काय मांडायचं ते तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही." आणि गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यापासून मी हिशेब करतेय. बाकीची मुलं खूश आहेत. त्यांना काही कळलेलं नाही आणि परीक्षकांनाही कळणार नाही. सर सांगणार नाहीत म्हणाले. राहिली एक पोर. तिच्याकडून मापं घेऊन मी तिला नवं स्टूल करून देईन, तिनं केलं होतं त्याहून चांगलं. जेवताना हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मिटलं की." लेक ताटात बघत म्हणाली, "म्हणजे परत तूच करणार."

भांडीसुद्धा आज तिनंच उचलली.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी लवकर जाऊन प्रत्येक वस्तूवर, जिथं जिथं माझा हात फिरला होता तिथं, खडूनं खूण केली. वाटलं होतं थोड्या असतील. सगळं टेबल पांढरं झालं.

परीक्षक बाई ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, मागच्या बाकावर बसल्या. मी वर्गाला सांगितलं, "परवा संध्याकाळी तुम्हाला न विचारता मी तुमच्या वस्तू दुरुस्त केल्या. खडू आहे तेवढं काम माझं. बाकी तुमचं." कोणी हसलं नाही. घाईकुमारनं डबी उचलली, झाकणाच्या कडेची खूण बघितली आणि डबी खाली ठेवली. "मला वाटलं मी केलं," एवढंच म्हणाला. उरलेला तासभर त्या पोरानं एकाही प्रश्नाला हात वर केला नाही. त्याला गप्प करायला मी दोन महिने धडपडत होते.

मग मी विचारलं, खडू नसता तर तुमची वस्तू कुठं अडत होती, आणि तुम्ही काय केलं असतं? थोडी मुलं बोलली. बरीच बोलली नाहीत. एक म्हणाला, "आता काय उपयोग?" मी म्हटलं, ते मलाही माहीत नाही.

हळूबाई आली नव्हती. तिचं स्टूल टेबलाच्या टोकाला होतं, चारही पायांना खडूची वळी, एकदम स्थिर. परीक्षक बाईंनी हात लावून बघितलं. "हे तर उत्तम झालंय," म्हणाल्या. मला त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि लिहायला लागल्या.

सोमवार, १७ मार्च

सही मिळाली नाही.

सरांनी समोर बसवून सांगितलं. परीक्षक बाईंनी निर्णय त्यांच्यावर सोपवला होता. "तुम्ही शुक्रवारी सांगितलंत ते चांगलं केलंत. पण ते एका दिवसाचं झालं. शिकवणं मी अजून तुमच्याकडून बघितलेलं नाही." मी म्हटलं, मग आता दुसरं काहीतरी करायचं का? ते म्हणाले, "मी तुम्हाला अजून एक सत्र मागून घेतलंय. इथंच, याच वर्गावर. नको असेल तर सांगा."

हवं की नको हे मला खरंच सांगता येईना. अजून एक सत्र म्हणजे पुन्हा टाचणं, पुन्हा तो गोंगाट, पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात, आणि समोर तीच मुलं, माझ्यावर विश्वास नसलेली. बेचाळिसाव्या वर्षी नापास झालेल्या माणसाला लोक धीरही कसा देणार? नवऱ्यानं चहा करून दिला, साखर विसरला. मी तसाच प्यायले आणि मग स्वयंपाकघरातच रडले.

सरांना फोन करून हो म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

शाळा सुटल्यावर मी वर्कशॉप झाडत होते. हळूबाई आली. स्टूल तिनं सोमवारी नेलं असावं, आज कापडी पिशवीत घालून परत आणलं होतं. सोबत लाकडाचे चार तुकडे, कुठल्यातरी खोक्याचे. पायांना खालून जोडायचे. चारांवर पेन्सिलीनं आखलेल्या चार वेगळ्या रेघा.

"मॅडम, करवत हवी होती."

माझा हात पुढे गेला, करवतीकडे नाही, त्या तुकड्यांकडे. तिनं ते पटकन मागे घेतले. "नको. करवतच फक्त."

मी दिली. तिला एकटीला सोडता येत नाही, नियम आहे, म्हणून समोरच्या बाकावर बसले. "मी चुकले," म्हटलं. तिनं मान हलवली, ठीक आहे अशी नाही, ऐकू आलं अशी. तुकडा शिकंज्यात आवळला आणि कापायला लागली.

करवत तिरकी चालली होती. मला आवाजावरूनच कळलं. लाकूड जुनं आणि तुकडे मोजून चारच, एक वाया गेला की संपलं. माझे हात इतके शिवशिवायला लागले की मी ते मांड्यांखाली दाबून धरले. सांगावं का? नुसतं तोंडानं? ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. ते बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. करवत रेघेपासून अजून जरा दूर गेली.

मग ती थांबली. वाकून रेघेकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. शिकंजा सैल केला, तुकडा उलटा फिरवून पुन्हा आवळला आणि दुसऱ्या बाजूनं कापायला सुरुवात केली.